पेपर 4 मेला संपला, पण रोज रात्री तो पुन्हा सुरू होतो

ताई,

मी 19 वर्षांची आहे. दोन वर्षं लातूरला राहून मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेची तयारी केली. गेल्या वर्षी थोडक्यात हुकलं म्हणून ड्रॉप घेतला. यंदा 4 मे 2025 ला पेपर झाला. फिजिक्स उघडलं आणि हात गार पडले. 14 प्रश्न तसेच सोडले. खोलीवर आल्या आल्या एका क्लासची आन्सर की लावली, 488 आले. दुसरीने 471, तिसरीने 502. परवा चौथी लावली तर 459. एका प्रश्नाला पुस्तिकेवर मी 2 वर टिक केली होती, मग गोळा मात्र 3 चा काळा केला. 2 बरोबर होतं. ते सारखं डोळ्यांपुढे येतं. कधी वाटतं, ओएमआर उत्तरपत्रिकेवर एखादी ओळच सरकली असेल.

आता गावी आले आहे. रात्री दोन-अडीचपर्यंत झोप नाही. छाती धडधडते, जेवण जात नाही. अप्पांनी सोसायटीचं कर्ज काढलं, आईची बोरमाळ गहाण आहे. दोघंही काही बोलत नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटतं. आत्या पुण्याहून दर दोन दिवसांनी फोन करून विचारते, ‘किती येतील?’ सकाळी उठावंसंच वाटत नाही. झोपून राहावं आणि निकाल लागून गेल्यावरच जाग यावी, नाहीतर येऊच नये, असं वाटतं. काय करू?

– एक रिपीटर, जि. धाराशिव

प्रिय मुली,

तुझ्या पत्रातल्या शेवटून दुसऱ्या ओळीपासून सुरुवात करते. ‘नाहीतर येऊच नये’ हे तू थकून लिहिलंस की त्यामागे आणखी काही आहे, ते मला इथून दिसत नाही. म्हणून सरळ विचारते. जीव देण्याचा विचार मनात येतो का? असं विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात नव्याने शिरत नाही. मानसोपचाराचं काम करणारे सगळे हे जाणतात. उलट कोणीतरी मोकळेपणाने विचारलं की माणसाला हायसं वाटतं. उत्तर ‘हो’ असेल, किंवा ‘कधी कधी’ असेल, तर हे पत्र इथेच ठेव आणि आईजवळ जाऊन बस. तिला एवढंच सांग, ‘मला एकटीला राहायची भीती वाटते.’ मग 14416 हा नंबर लाव. ही ‘टेलिमानस’ची सरकारी सेवा आहे. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असते, आणि मराठीत बोलता येतं. तुमच्या जिल्हा रुग्णालयातही मानसिक आजारांची ओपीडी असते. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीने डॉक्टरकडे जाण्यात संकोच कसला?

उत्तर ‘नाही, फक्त फार थकले आहे’ असं असेल, तर पुढचं वाच.

मी कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. तुझ्यासारख्या मुली दर मे महिन्यात माझ्या दाराशी यायच्या, हातात प्रश्नपुस्तिका, कोपरे दुमडलेले, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. परीक्षेआधीच्या भीतीवर सगळे बोलतात, क्लासवाले त्यावर व्याख्यानं ठेवतात. परीक्षा झाल्यानंतरच्या या चाळीस दिवसांबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. आधीच्या भीतीला निदान कामाला जुंपता येतं, आणखी एक धडा वाचता येतो, आणखी एक टेस्ट सोडवता येते. आताच्या भीतीला काम नाही. दोन वर्षं रोज बारा तास धावणारं यंत्र एका संध्याकाळी पाचला बंद करा म्हटलं तर ते कसं थांबेल? ते फिरतच राहतं. दळायला दाणे नाहीत म्हणून जातं जात्यालाच घासतं, तशी तुझी गत झाली आहे.

छातीत धडधडणं, हात गार पडणं, अन्न न जाणं, हे सगळं तुझ्याच पुस्तकात आहे. सिम्पथेटिक चेतासंस्था, अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा गाभा, अ‍ॅड्रिनलीन. त्यावरचे प्रश्न तू शंभर वेळा सोडवले असशील. रक्त पचनसंस्थेकडून स्नायूंकडे वळतं, म्हणून भूक मरते. त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हात थंड. तुझ्या शरीराला वाटतंय की धोका अजून समोर उभा आहे, आणि त्याला तसं वाटायला तूच रोज कारण देतेस. सांगते कसं ते.

तू चार आन्सर की लावल्यास. पहिली लावली तेव्हा 488 आले. क्षणभर बरं वाटलं असेल, मग शंका आली. दुसरी लावलीस तेव्हा 471. आता आधीपेक्षा जास्त घाबरलीस, म्हणून तिसरी. 502 पाहून अर्धा दिवस बरा गेला असणार. आणि मग चौथी. प्रत्येक वेळी पाच मिनिटांचा दिलासा मिळतो, आणि त्या दिलाशाची चव लागल्यामुळेच पुढच्या वेळी हात पुन्हा मोबाईलकडे जातो. दुखऱ्या दाताकडे जीभ जाते ना, तसं. जिभेने चाचपून दात बरा होत नाही, ठणका तेवढा ताजा राहतो. आन्सर की लावणं हा तुझ्या चिंतेवरचा उपाय नव्हता, तो चिंतेचा खुराक होता.

शिवाय त्या चारही कींमधून तुला हवं ते मिळणारच नव्हतं. 459 आणि 502 मध्ये 43 गुणांचं अंतर आहे. तुझ्या उत्तरांत यादरम्यान काहीच बदललं नाही, क्लासवाल्यांच्या उत्तरांत फरक आहे आणि तुझ्या आठवणीत फरक आहे. कोणता गोळा काळा केला हे तू पुस्तिकेवरच्या खुणांवरून सांगतेस, आणि एका ठिकाणी खूण वेगळी, गोळा वेगळा, हे तूच लिहिलं आहेस. मग बाकीच्यांची खात्री कशी देणार? परीक्षा घेणारी संस्था, एनटीए, तुझ्या ओएमआरची स्कॅन केलेली प्रत दाखवेल, सोबत तात्पुरती उत्तरतालिका देईल. त्यात एखादं उत्तर चुकलेलं वाटलं तर प्रश्नामागे 200 रुपये भरून आक्षेप घेता येतो. ते पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा पक्का आधार असेल तरच घ्यायचा. ओळ सरकली का, याचं उत्तर त्या दिवशी तुला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. त्याआधी ते तुझ्याकडे नाही, क्लासच्या सरांकडे नाही, कोणाकडेच नाही.

आता त्या प्रश्नाबद्दल. 2 वर टिक, 3 चा गोळा. बरोबर उत्तराचे 4 गेले आणि चुकीचा 1 वजा झाला, म्हणजे 720 मधले 5. ते गेले याचं वाईट वाटणारच, मी ‘सोडून दे’ म्हणणार नाही. पण एक विचारते. ज्या प्रश्नांना तू आधी चुकीच्या पर्यायावर टिक केलीस आणि मग विचार करून बरोबर गोळा भरलास, असे किती होते? तीन तासांत दोन-चार तरी नक्की झाले असतील. ते एकही तुझ्या डोळ्यांपुढे येत नाहीत. मन हिशेब ठेवतं तेव्हा खर्चाची बाजूच तेवढी लिहितं, जमेची कोरी सोडतं. तू वाणिज्य शाखेची नसलीस तरी असा ताळेबंद कोणी मान्य करणार नाही, हे तुला कळेल.

आणि गेल्या वर्षीच्या कटऑफशी यंदाचे गुण जुळवत असशील तर तेही थांबव. 2023 मध्ये देशात दोघांना 720 पैकी 720 होते. 2024 च्या पहिल्या निकालात तेच 67 जणांना मिळाले. एका वर्षात इतकं अंतर पडतं, मग गेल्या वर्षीच्या एखाद्या आकड्यावरून यंदाची जागा कशी ठरवणार? यंदा सगळंच निराळं होतं. गेली चार वर्षं 200 प्रश्नांतले 180 सोडवायचे होते आणि त्यातली शेवटची तीन वर्षं वेळ 3 तास 20 मिनिटं होती, यंदा 180 च प्रश्न, सगळे सक्तीचे, आणि वेळ 3 तास. फिजिक्सने तुझा हात गार केला तसा तुझ्या बाकावरच्या, पुढच्या खोलीतल्या, बिहारमधल्या आणि केरळमधल्या मुलांचाही केला. प्रवेश गुणांवर होत नाही, क्रमांकावर होतो. पेपर अवघड गेला की सगळ्यांचेच गुण खाली येतात. तुझा क्रमांक चांगलाच येईल असं मी म्हणत नाही, मला ते माहीत नाही. 471 हा आकडा आज काहीच सांगत नाही, एवढंच म्हणते.

तर पहिलं काम: पुस्तिका आईच्या हाती दे. ट्रंकेत ठेव म्हणावं, आणि उत्तरतालिका येईल त्या दिवशीच काढ. बॅचच्या ग्रुपमधून बाहेर पड. ‘म्यूट’ नको, बाहेरच पड. म्यूट केलेला ग्रुप रात्री दीड वाजता उघडला जातो, हे मी अनेक मुलींकडून ऐकलं आहे. ‘एक्स्पेक्टेड कटऑफ’ सांगणारे व्हिडिओ पाहू नकोस. ते बनवणाऱ्यांनाही खरा कटऑफ ठाऊक नसतो.

पहिले तीन-चार दिवस जड जातील. हात शिवशिवेल. तेव्हा एक युक्ती कर, मानसोपचारात ती फार जुनी आहे. चिंतेला दिवसातली एक वेळ नेमून दे. समज, संध्याकाळी साडेपाच ते सहा. वही घेऊन बस आणि डोक्यात येईल ते सगळं लिही: फिजिक्स, कर्ज, आत्या, गोळा. मनसोक्त रड. सहा वाजता वही मिटायची. सकाळी अकराला किंवा रात्री एकला विचार आला की त्याला सांगायचं, ‘तुझी वेळ साडेपाचची.’ वाचायला पोरकट वाटेल. करून बघ. विचार थांबवायला गेलं की तो दुप्पट जोराने येतो, पण पुढे ढकलला तर बऱ्याचदा ऐकतो, आणि साडेपाचला बसल्यावर लिहायला काही उरलेलंच नाही असेही दिवस येतात.

झोपेचं थोडक्यात. उठायची वेळ एकच ठेव, रात्री कितीही जागलीस तरी. सहा म्हणजे सहा. दुपारी झोपू नकोस, चारनंतर चहा नको. अंथरुणात वीस-पंचवीस मिनिटं लोळूनही झोप आली नाही तर ऊठ, ओसरीवर बस, डोळे जड झाले की परत जा. मोबाईल दुसऱ्या खोलीत. धडधड वाढली की श्वास घे त्यापेक्षा सोड जास्त वेळ, चार मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर, पाच मिनिटं. उच्छ्वास लांबला की व्हेगस नस हृदयाची गती उतरवते, तुला कारण सांगायची गरज नाही. आणि जेवण जात नसेल तर ताट भरून घेऊ नकोस. दोन-दोन तासांनी थोडं थोडं खा. ताकभात, भाकरीचा काला, केळं, काहीही चालेल.

आता घराकडे येऊ. माझ्या मते तुझ्या रात्रीच्या जागरणाचं मोठं कारण फिजिक्स नाही, ती गहाण पडलेली बोरमाळ आहे.

तू लिहिलंस, कर्ज काढलं, दागिना गहाण आहे. किती कर्ज, ते लिहिलं नाहीस. मला वाटतं तुला तो आकडा माहीतच नाही. तो माहीत नाही म्हणून रात्री अंधारात वाढत जातो. एके दिवशी संध्याकाळी, अप्पा हातपाय धुऊन बसले की जवळ जा आणि विचार, ‘अप्पा, माझ्या शिक्षणासाठी एकूण किती घेतलं, आणि ते कधी फेडायचं आहे?’ ते म्हणतील, ‘तुला काय करायचंय?’ तेव्हा सांग, ‘मला झोप लागत नाही म्हणून विचारते.’ आकडा मोठा असेल, पण एक आकडा असेल. त्याला सुरुवात असेल, शेवट असेल, हप्ते असतील. आणि अप्पांनाही कोणाशी तरी बोलायला मिळेल. ते गप्प आहेत म्हणजे रागावले आहेत, असं तू धरून चालली आहेस. मी कितीतरी बाप पाहिले आहेत. पोरगी जेवत नाही हे त्यांना दिसतं, आणि एक शब्द चुकीचा गेला तर ती आणखी कोमेजेल या धास्तीने ते तोंड मिटून बसतात. तुमच्या घरात सध्या तिघं जण एकमेकांना जपण्यासाठी गप्प आहेत. कोणीतरी पहिलं बोलायला हवं. तू लहान आहेस, तरी तूच बोल.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट सांगून टाक. राज्य शासनाने जुलै 2024 मध्ये निर्णय काढला आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या, इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटांतल्या मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. राहण्या-जेवणाचा खर्च राहतोच. पण बोरमाळीनंतर आता जमीन, असं चित्र तू रंगवत असशील तर ते आधी पुसून टाक.

हाताला काम हवं आहे ना? मग कागद जमव. जात प्रमाणपत्र, लागू असेल तर जात वैधता, चालू आर्थिक वर्षाचं नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास. सेतू केंद्रात जून उजाडला की रांगा लागतात आणि दाखल्यांना वेळ लागतो. चांगला क्रमांक असलेल्या मुलांची जागा एका कागदापायी गेलेली मी पाहिली आहे. राज्याच्या वाट्याच्या 85 टक्के जागा याच कागदांवर भरल्या जातात. हेच नीटचे गुण बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी आणि पशुवैद्यकीयलाही चालतात. त्यांची नावं आज घरात काढणं म्हणजे अपशकुन आहे असं कोणी म्हटलं तर मानू नकोस. शेतकऱ्याच्या घरात दुबार पेरणीचं बियाणं बाजूला ठेवतात, तेव्हा कोणी पहिली पेरणी वाया जावी अशी इच्छा धरत नाही.

आत्याला एकच वाक्य सांग, प्रत्येक वेळी तेच, शब्दही न बदलता: ‘आत्या, निकाल 14 जूनला आहे, त्या दिवशी पहिला फोन तुलाच करते.’ चौथ्या वेळेला ती स्वतःहून दुसरा विषय काढेल. गावातल्या बाकीच्यांना उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. ‘बघू काका’ म्हणून पुढे चालू लाग.

अप्पा, आई, हे पत्र तिने तुम्हाला वाचायला दिलं असेल तर दोन ओळी तुमच्यासाठी. ‘गेलं तर गेलं, काय होतंय’ असं म्हणू नका, तिला ते खोटं वाटेल. ‘निकाल काहीही लागो, त्या दिवशी रात्री आपण तिघं एकत्र जेवू’ एवढं म्हणा, आणि तसं करा. ती दोन आठवड्यांनंतरही झोपत नसेल, अंघोळ-जेवण टाळत असेल, कोंडून घेत असेल, तर देवाधर्माचं करायचं ते करा, पण डॉक्टरकडेही न्या.

मुली, एक शेवटचं. तुमच्याकडे सोयाबीन असेलच. यंदा मेमध्येच पावसाने झोडपलंय, पेरणीची घाई होणार. घरचं बियाणं पेरायच्या आधी त्याची उगवण क्षमता तपासावी लागते, आणि घाईगर्दीत ते बरेचदा राहून जातं. यंदा ते काम तू घे. सगळ्या पोत्यांतून मूठ-मूठ काढून शंभर दाणे मोज, न निवडता, बारके आणि सुरकुतलेलेही त्यात असू देत. गोणपाटाचा तुकडा भिजव, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांड, वरून दुसरा ओला तुकडा घाल, अलगद गुंडाळी कर आणि सावलीत ठेव. रोज पाणी शिंपड. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोज. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं नेहमीच्या प्रमाणात पेरता येतं, कमी असतील तर अप्पांना एकरी जास्त बियाणं धरावं लागेल, आणि ते त्यांना वेळेत कळेल.

रोज सकाळी सहाला उठून ती गुंडाळी ओली करायची. मध्येच उघडून बघू नकोस. आणि किती उगवले, ते मला कळव.

तुझी,
ताई